पाच लखोट्यांची फेरमोजणी

माझ्या मोठ्या जाऊबाई निवडणुकीला उभ्या राहिल्या त्या स्वतःच्या मनाने नव्हे. आमचं गाव शहाडच्या पलीकडे, उल्हास नदीला लागून. गाव म्हणायचं ते आता नावापुरतं. शेतांवर चाळी उठल्या, चाळींच्या जागी चार-चार मजले आले आणि मूळच्या घरांपेक्षा भाडेकरूंचीच घरं जास्त झाली. तरी महापालिकेत न गेल्यामुळे आमचं मत अजून पंचायत समितीलाच असतं. त्या वर्षी आमची जागा महिलांसाठी राखीव निघाली. मोठे दीर कंपनीतली नोकरी सांभाळून बरीच वर्षं पक्षाचं काम करत आलेले, तिकीट आपल्यालाच मिळणार असं धरून चाललेले. जागा बायकांची झाल्यावर तिकीट निदान घरात तरी राहावं म्हणून त्यांनी बायकोचं नाव दिलं.

अर्ज भरायच्या दिवशी जाऊबाई पिठाच्या गिरणीत होत्या. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत गिरणी आहे, ती त्याच चालवतात. हात धुऊन, साडी बदलून त्या गेल्या आणि दाखवतील तिथे सह्या करून परत आल्या. भुवयांवरचं पीठ तसंच राहिलेलं. पत्रकावर दिरांचा फोटो मोठा आणि जाऊबाईंचा लहान. खालचं नाव वाचल्याशिवाय उमेदवार कोण ते कळलं नसतं.

मी या घरातली धाकटी सून. माहेर डोंबिवलीचं, नोकरी ठाण्याला एका कॉलेजच्या ऑफिसात. जाऊबाईंचं आणि माझं भांडण कधी नव्हतं, पण मैत्री व्हावी इतका वेळही आम्ही कधी एकत्र घालवला नव्हता. मी सकाळी निघायचे, दिवे लागता परतायचे. त्या दिवसभर गिरणीच्या आवाजात असल्यामुळे घरातही मोठ्याने बोलायच्या आणि मला ते सुरुवातीला रागावल्यासारखं वाटायचं.

प्रचारात त्या पहिले काही दिवस दिरांच्या मागे हात जोडून फिरल्या. मग एका कोपरा सभेला बोलणारे पुढारी वेळेवर आले नाहीत, माणसं उठायला लागली आणि कुणीतरी माईक जाऊबाईंच्या हातात दिला. त्या गावातल्या आरोग्य उपकेंद्राबद्दल बोलल्या. उपकेंद्राची इमारत बांधून, रंग देऊन तयार होती, पण तिला कुलूप होतं आणि दिवस भरलेल्या बायका रिक्षाने खड्ड्यांतून उल्हासनगरला न्याव्या लागत. कुणाच्या सुनेला रिक्षातच कळा सुरू झाल्या, कोण रस्त्यात थांबलं, कुणाची साडी आडोशाला धरली, हे सगळं त्यांना गिरणीवर येणाऱ्या बायकांकडून ठाऊक होतं. त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं. उठलेल्या बायका परत बसल्या. घरी येताना त्या मला म्हणाल्या, "अगं, मला बोलता येतं की."

त्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या बाई शेजारच्याच गावच्या. त्यांना आमच्या घरात कुणी नावाने हाक मारत नसे. त्या "समोरच्या बाई" झाल्या आणि मीही त्यांना इथे तसंच म्हणते. आगरी घरातल्या, अंगाने थोराड, गळ्यात ठसठशीत दागिने, बोलायला कमी. त्यांच्या यजमानांचा जागांचा आणि डंपरचा धंदा. त्यांचीही उमेदवारी नवऱ्याच्या इच्छेनेच आलेली. हळदी-लग्नांत जाऊबाईंची आणि त्यांची तोंडओळख होती, एवढंच.

मतमोजणी कल्याणला एका सरकारी हॉलमध्ये झाली. माझं आकड्यांचं काम चांगलं म्हणून मला आमच्या बाजूची प्रतिनिधी म्हणून आत पास मिळालेला. जाळीच्या पलीकडे एकेक मतदान यंत्र यायचं, कर्मचारी त्याचा आकडा आमच्याकडे वळवून वाचायचे आणि आम्ही लिहून घ्यायचो. आधी आम्ही बऱ्यापैकी पुढे होतो. मग नव्या इमारतींच्या केंद्रांची यंत्रं आली आणि आघाडी वितळत गेली. शेवटच्या यंत्राचा आकडा लिहून मी बेरीज केली, पुन्हा केली. आम्ही तीन मतांनी मागे होतो.

तेव्हा सगळ्यांना ते पाच लखोटे आठवले.

निवडणुकीच्या कामावर असलेले शिक्षक, पोलीस वगैरे लोक टपालाने मत देतात. ती मतं सकाळी सगळ्यात आधी मोजून झालेली. त्यातले पाच लखोटे अधिकाऱ्यांनी न उघडता बाजूला काढलेले, कारण सोबतच्या कागदावर साक्ष देणाऱ्या अधिकाऱ्याची सही होती, पण शिक्का नव्हता. सकाळी त्यावर कुणी फारसं बोललं नाही. पाच मतांनी काय होणार, असंच दोन्ही बाजूंना वाटलेलं. आता तीनच मतांचा फरक म्हटल्यावर आमची माणसं टेबलावर हात आपटायला लागली. फेरमोजणीची मागणी झाली. अधिकाऱ्यांनी यंत्रं पुन्हा दाखवली. आकडे तेच आले. लखोट्यांबद्दल मात्र ते म्हणाले की ते नियमात बसत नाहीत, मी उघडू शकत नाही. आवाज चढले, पोलीस आत आले. खरं तर ते अधिकारी सभ्य होते. सकाळपासून उभं राहून त्यांचा चेहरा उतरलेला. जाऊबाईंना त्यांनी शांतपणे सांगितलं, "ताई, तुमची हरकत लेखी द्या, मी घेतो. पुढचं कोर्टच ठरवेल."

हा गोंधळ चाललेला असताना समोरच्या बाई भिंतीशी एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होत्या. त्यांच्याभोवती असलेली माणसं आता सगळी टेबलाशी भांडत होती. मी पाणी प्यायला तिकडे गेले तर त्यांनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "मी आली का गो निवडून?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांनी मान हलवली आणि पदर डोक्यावर नीट घेतला. मग बाहेर गुलाल उधळला गेला आणि त्यांच्या नवऱ्याला लोकांनी खांद्यावर घेतलं.

घरी आल्यावर जो तो सल्ला द्यायला लागला. दिरांनी इरेला पेटून वकील गाठला आणि ठाण्याच्या कोर्टात याचिका दाखल झाली. मागणी एवढीच, की ते पाच लखोटे उघडून मोजावेत. सासूबाई म्हणाल्या, झालं ते झालं, देवाला नव्हतं मान्य. पण वकिलाने कागद पाठवला तेव्हा जाऊबाईंनी गिरणी बंद करून, चष्मा लावून तो बसून वाचला आणि मगच सही केली.

पहिल्या तारखेला दोन गाड्या भरून माणसं ठाण्याला आलेली. समोरून तीन गाड्या. कोर्टाच्या आवारात दोन्हीकडची पोरं एकमेकांकडे बघून मिशा पिळत होती. आत पाच मिनिटांत पुढची तारीख पडली. पुढच्या वेळी एकेक गाडी आली. मग कधी वकील नाही, कधी साहेब रजेवर, कधी कागद मागवलेले आले नाहीत. माणसं गळत गेली. दिरांची कंपनीत पाळी बदलायची पंचाईत व्हायला लागली. शिवाय तोवर पक्षात दुसरंच काही शिजत होतं आणि त्यांचं मन तिकडे लागलेलं. एकदा जेवताना ते म्हणाले, आता सोडून देऊ या, मुदत अर्धी संपत आली. जाऊबाईंनी त्यांच्या ताटात भात वाढला आणि म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ. मी जाईन."

त्या एसटीने एकट्या ठाण्याला यायला लागल्या. माझं ऑफिस कोर्टापासून जवळ, म्हणून तारखेच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून तिथे जायचे. लग्नाला इतकी वर्षं झालेली, पण आम्ही दोघी सलग बसून बोललो ते कोर्टाच्या बाकावर. त्यांना शाळेत गणित आवडायचं, दहावीनंतर पुढे शिकायचं होतं, कॉलेज लांब म्हणून घरच्यांनी नको म्हटलं, हे मला तिथे कळलं. मी त्यांना माझ्या ऑफिसातल्या राजकारणाचं सांगायचे आणि त्या मन लावून ऐकायच्या.

समोरच्या बाईही प्रत्येक तारखेला यायच्या. खरं म्हणजे त्यांच्या वकिलाचं येणं पुरलं असतं. पण त्या यायच्या. आधी नवऱ्यासोबत, मग आपल्या दिरासोबत, मग ड्रायव्हर त्यांना फाटकाशी सोडून निघून जायला लागला. बाकाच्या एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला आम्ही. मध्ये पिशव्या ठेवलेल्या. कितीतरी तारखा अशाच गेल्या.

नवरात्रातली एक तारीख होती. जाऊबाईंचा उपास, सकाळपासून नुसत्या चहावर. व्हरांड्यात उभ्या असतानाच त्यांना भोवळ आली. मी धरेपर्यंत त्या भिंतीला घसरून खाली बसल्या. माझ्याने एकटीने उचलवेना. तेवढ्यात समोरच्या बाई आल्या, जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि जाऊबाईंचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. मला म्हणाल्या, जा, लिंबू-सरबत आण, मीठ जास्त घालायला सांग. मी येईपर्यंत त्या पदराने वारा घालत होत्या. आजूबाजूला काळ्या कोटांची ये-जा चाललेली, कुणी बघत होतं, कुणी ओलांडून जात होतं. सरबत पोटात गेल्यावर जाऊबाईंनी डोळे उघडले. मांडी कुणाची आहे ते कळल्यावर त्या उठायला लागल्या, तर बाईंनी खांद्याला धरून पुन्हा निजवलं. "पडून रहा गो बाय. पुकारा झाला का उठवीन."

त्या दिवशी परतताना त्यांनी आम्हाला आपल्या गाडीत घेतलं. ड्रायव्हरला सांगितलं की घरी बोलायचं नाही. गावाच्या अलीकडे, पेट्रोल पंपाशी, आम्ही दोघी उतरलो आणि रिक्षाने घरी आलो. घरात विचारलं तर एसटीला गर्दी होती, असं जाऊबाईंनी सांगितलं.

पुढच्या तारखेपासून बाकावरच्या पिशव्या खाली गेल्या. आवारात एका झाडाखाली सिमेंटचा कट्टा आहे, तिथे आम्ही तिघी डबे उघडायचो. बाई तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आणायच्या. जाऊबाई नाचणीची भाकरी, पिठलं. बोलणं आधी मुलांचं, दुखण्याखुपण्याचं झालं. कोर्टातलं कुणीच काढायचं नाही. मग एकदा जाऊबाईंनीच विचारलं, की तुम्ही निवडून आलात, तुमचा वकील आहे, मग इथे दरवेळी कशाला येता?

बाई भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात धरून बसल्या. मग सांगितलं, की पंचायत समितीच्या बैठकीला त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्यांच्या खुर्चीवर त्यांचा नवरा बसला आणि त्यांना मागे बायकांच्या रांगेत बसवलं. सही लागली की कागद मागे यायचा. नंतर तर कागद घरीच यायला लागले. लोक फोन करतात ते नवऱ्याला, कार्यक्रमाच्या पत्रिकेवर नाव त्यांचं आणि सत्काराची शाल नवऱ्याला. हे सगळं त्या तक्रार केल्यासारखं सांगत नव्हत्या. पाऊस किती पडला ते सांगावं तसं सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, "कोर्टात तरी माजा नाव पुकारतान."

जाऊबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी डब्याचं झाकण लावत बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग साक्षीची तारीख आली. जाऊबाई साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी लाकडी कड घट्ट धरलेली. आमच्या वकिलाचे प्रश्न सोपे होते. मग समोरच्या बाईंचे वकील उठले. त्यांनी हसतहसत विचारायला सुरुवात केली. गिरणी चालवता ना? शिक्षण किती? टपाली मताची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे का? आणि मग विचारलं, "याचिकेत काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे, की नवऱ्याने सांगितलं म्हणून सही केलीत?"

जाऊबाई म्हणाल्या, "नवऱ्याने सांगितलं म्हणून सही केली ती उमेदवारीच्या अर्जावर. याच्यावर वाचून केली."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. वकिलांनी आवाज वाढवला. मग सांगा बघू, म्हणाले, पाच लखोट्यांचा एवढा हट्ट कशासाठी? ती मतं तुमचीच आहेत असं तुम्हाला कुणी सांगितलं?

"कुणी नाही सांगितलं," जाऊबाई म्हणाल्या. आता त्यांचा गिरणीवरचा आवाज लागलेला, सबंध खोलीत ऐकू जात होता. "पाच माणसांनी मत दिलंय आणि ते कुणी उघडूनसुद्धा बघितलं नाही. माझं असेल नाहीतर यांचं असेल. पण बघायला नको का?"

न्यायाधीशांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि टंकलेखकाला ते वाक्य जसंच्या तसं घ्यायला सांगितलं.

बाहेर आल्यावर समोरच्या बाई आपल्या वकिलांना जिन्यापाशी गाठून बोलत होत्या. आम्ही पाठमोऱ्या होतो, पण शब्द कानावर आलेच. "तिला असा नाय बोलायचा," त्या सांगत होत्या. वकील समजावत होते, की बाई, हे माझं काम आहे, तुमच्यासाठीच करतोय. त्यावर त्या आवाज उतरवून पुन्हा तेच म्हणाल्या. मग आमच्याकडे न बघता खाली निघून गेल्या. त्या दिवशी डबा कुणीच उघडला नाही.

निकाल यायला बरेच महिने गेले. न्यायाधीशांनी म्हटलं, की साक्षीदाराची सही आहे आणि तिच्यावर कुणाचा आक्षेप नाही. नुसता शिक्का नाही एवढ्यावरून मत न उघडणं बरोबर नाही. पाचही लखोटे कोर्टात, दोन्ही बाजूंसमोर उघडायचे, असा आदेश झाला. मुदत संपायला तेव्हा फार काळ उरला नव्हता.

त्या दिवशी पुन्हा गाड्या आल्या. ज्यांना इतके दिवस कोर्टाचा रस्ता आठवला नव्हता ते सगळे इस्त्रीचे कपडे घालून हजर. दीरही आलेले. गर्दीमुळे जाऊबाई आणि समोरच्या बाई खोलीच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या, पहिल्या तारखेसारख्या. एकमेकींना ओळख दाखवता येत नव्हती. निवडणूक कचेरीतून आलेल्या कर्मचाऱ्याने सीलबंद पिशवी टेबलावर ठेवली. लाखेची सीलं दोन्ही वकिलांनी वाकून बघितली. मग ती फोडली.

पहिला लखोटा कापला. मतपत्रिका उलगडून न्यायाधीशांनी स्वतः बघितली आणि वकिलांना दाखवली. मत जाऊबाईंचं. दुसरं समोरच्या बाईंचं. आमच्या बाजूला कुणीतरी सुस्कारा सोडला. तिसरं जाऊबाईंचं. चौथंही जाऊबाईंचं. मला हिशेब करायला वेळ लागला नाही: तीनचा फरक एकावर आलेला. पाचवं आमचं निघालं तर बरोबरी होणार होती, आणि बरोबरी झाली की चिठ्ठी टाकून निकाल.

पाचवी पत्रिका न्यायाधीशांनी बराच वेळ हातात धरली. मग टेबलावर ठेवली आणि दोघा वकिलांना जवळ बोलावलं. दोघींची नावं पत्रिकेवर एकाखाली एक होती. मत देणाऱ्याने पेनाने बरोबरची खूण केलेली. तिचं टोक जाऊबाईंच्या चौकोनात होतं आणि शेपूट रेघ ओलांडून वरच्या, समोरच्या बाईंच्या चौकोनात गेलेलं. आमचे वकील म्हणाले, खूण जिथे सुरू होते ते मत. समोरचे म्हणाले, शाई जास्त कुठे आहे ते बघा, जास्त भाग वर आहे. बराच वेळ वाद झाला. मागे दीर कुणालातरी कानात सांगत होते, की हे आपलंच, आंधळ्यालाही कळेल. पलीकडेही तसंच कुजबुजणं. पत्रिका भिंगाखाली धरली, उजेडात नेली. न्यायाधीशांनी मग सांगितलं, की या माणसाला कुणाला मत द्यायचं होतं ते मी खात्रीने सांगू शकत नाही आणि अंदाजाने एखाद्याला निवडून आणणं हे कोर्टाचं काम नाही. ते मत बाद झालं.

जाऊबाई एका मताने हरल्या.

बाहेर पुन्हा घोषणा झाल्या, पण आधीसारखा जोर नव्हता. दीर वकिलाशी हायकोर्टाचं बोलायला लागले. जाऊबाईंनी तिथेच त्यांना थांबवलं, की आता नको, मोजून झालं. मी त्यांना घेऊन झाडाखालच्या कट्ट्यावर गेले. मला वाटलेलं त्या रडतील. त्या पाणी प्यायल्या, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "ती तीन माणसं कोण असतील गं? मी त्यांच्या दारात गेले असेन का कधी?"

मी म्हटलं, कुणी शिक्षक असतील, पोलीस असतील, कसं कळणार.

"इतके दिवस त्यांची मतं पिशवीत पडून होती," त्या म्हणाल्या. "आता नाहीत ना? बस." त्यांचा आवाज अगदी स्वच्छ होता. हरलेल्या माणसाचा मला वाटला नाही.

समोरच्या बाई गाडीत बसल्या नव्हत्या. नवरा हाका मारत असताना त्या सरळ आमच्याकडे चालत आल्या, दोन्हीकडच्या माणसांच्या देखत. त्यांचे डोळे भरलेले. जाऊबाईंचा हात धरून त्या म्हणाल्या, की पाचवा लखोटा उघडला तेव्हा मी देवाला काय मागत होते ते माझं मलाच कळत नव्हतं. जाऊबाईंनी त्यांना जवळ बसवलं. मग म्हणाल्या, "निवडून आलीस ना? मग पुढच्या बैठकीला खुर्चीवर जाऊन बस. पाहिजे तर मी येते सोबत."

त्या दोघी खरंच गेल्या. जाऊबाई बाहेरच्या बाकावर बसल्या आणि बाई आत जाऊन आपल्या खुर्चीवर बसल्या. नवऱ्याला त्या दिवशी पोचायला जरा उशीर झाला. तो मागे उभा राहिला. घरी त्यावरून बरंच काही झालं असावं. पण नंतर एकही बैठक बाईंनी सोडली नाही. उपकेंद्राचा विषय त्यांनी तीन-चारदा मांडला. काय बोलायचं ते गिरणीत बसून दोघी ठरवायच्या. मुदत संपता संपता त्या इमारतीचं कुलूप निघालं. नर्सबाई ठरलेल्या वारी येतात. डॉक्टर अजून मिळालेला नाही.

त्यानंतर निवडणुका लांबल्या, प्रशासक आले, वर्षं गेली. मधल्या काळात दीर आणि बाईंचे यजमान एकाच पक्षात जमा झाले. आता दोघांचे फोटो एका बॅनरवर असतात. ज्या बायकांना पेट्रोल पंपाशी लपून एकमेकींपासून वेगळं व्हावं लागलं होतं, त्यांना आता घरच्या माणसांनीच एकमेकींकडे गाडीने सोडायला सुरुवात केली. जाऊबाईंना या गोष्टीचं फार हसू येतं.

आरक्षणाची सोडत नुकतीच निघाली. त्या दुपारी मला सुट्टी होती आणि आम्ही तिघी पडवीत मोड आलेले कडवे वाल सोलत बसलेलो. दिरांचा फोन आला: जागा खुली झाली. आवाजावरूनच कळत होतं, त्यांना किती आनंद झालाय तो. थोड्या वेळाने बाईंच्या नवऱ्याचाही फोन आला आणि तोही तितकाच खूश. आता तिकिटासाठी या दोघांची जुंपणार, असं मी म्हटलं. बाई वाल सोलता सोलता म्हणाल्या, म्हणजे आपला संपला.

जाऊबाईंनी हात थांबवला. "खुली म्हणजे काय गं? फक्त पुरुषांची का?"

मी म्हटलं, नाही, खुली म्हणजे कुणीही उभं राहू शकतं. बाईसुद्धा.

"नक्की?"

मी मोबाईलवर नियम शोधून दोघींना वाचून दाखवला. बाईंनी तो मला पुन्हा वाचायला लावला. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कुणी उभं राहायचं, हा प्रश्न दोघींच्याही मनात एकाच वेळी आलेला मला स्पष्ट दिसला. कोर्टाच्या बाकावर मध्ये पिशव्या असायच्या तेव्हाची ती शांतता होती.

मग बाई म्हणाल्या, "तू रहा. तुला बोलता येतं."

"आणि तुला बसता येतं खुर्चीवर," जाऊबाई म्हणाल्या. "तुझाच अनुभव जास्त."

ठरलं काहीच नाही. अर्ज भरायला अजून अवकाश आहे आणि घरातल्या पुरुषांना दोघींनी अजून पत्ता लागू दिलेला नाही. जाऊबाईंनी मला एवढंच सांगितलंय, की या वेळचा अर्ज आधी घरी आण, आम्हाला दोघींना नीट वाचायचाय.